बिनहातमोज्यांची मास्तरीण

माझी धाकटी बहीण लहानपणी दुसऱ्याच्या हातात काम म्हणून राहू द्यायची नाही. मी सुईत दोरा ओवायला बसले की "दे इकडे, तुला नाही जमत!" म्हणत ओढून घ्यायची. आणि तिला जमायचंही, त्याचाच जास्त संताप यायचा. अशी ही हिसकावखोर पोरगी पुढे मणक्याची सर्जन झाली, ते एक वेळ मी समजू शकते. पण आता तिचं मुख्य काम आहे इतर सर्जनांना शिकवणं. म्हणजे दुसऱ्याच्या हातात हत्यार द्यायचं आणि आपण गप्प बसायचं!

ती शिकवते ती शस्त्रक्रिया पाठ न फाडता करायची असते. पेन्सिलीएवढ्या छिद्रातून एक नळी आत घालतात, नळीत कॅमेरा असतो आणि डॉक्टर समोरच्या पडद्यावर बघून काम करतो. नव्या डॉक्टरांची मान मात्र सारखी खाली, स्वतःच्या हातांकडे वळते. म्हणून रविवारी ती त्यांना आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसवते, त्यांच्या हातांवर माझा चांगला टॉवेल टाकते आणि कॅमेरा जोडलेल्या छोट्या पडद्याकडे बघत कच्च्या अंड्याचं कवच बारीक ड्रिलने घासायला लावते. कवच निघायला हवं, पण आतला पापुद्रा फाटता कामा नये. कवच म्हणजे हाड आणि पापुद्रा म्हणजे नसेवरचं आवरण. मी शेजारच्या खोलीत शिलाई मशीनवर असते, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला आपोआप कळतं.

त्यातल्या एकाला मी गोगलगाय असं नाव ठेवलं होतं. बाकीच्यांचं अंडं सोलून व्हायचं तेव्हा हा अर्ध्यावर असायचा. मध्येच हात थांबवून म्हणायचा, "मॅडम, दिसत नाही." मग पाणी सोडायचा, भुगा वाहून जायची वाट बघायचा. तोवर धाकटीच्या बोटांची चाललेली तगमग मला दारातून दिसायची. पण ती बोलायची नाही.

गेल्या वर्षी माझ्याच मणक्यातली गादी सरकली. कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत जायची. मग उजव्या पायाचा अंगठा उचलेना. चालताना मी पुढे आणि चप्पल मागे, अशी गंमत सुरू झाली. मी हसण्यावारी नेलं. मशीनचं पायडल दाबायला पाय ऐकेना, तेव्हा मात्र हसू आटलं. शिवण सोडून मी कोण आहे, हे मला खरंच ठाऊक नाही.

गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. अंगठा ढिम्म.

"ऑपरेशन करायला हवं," धाकटी म्हणाली. "उशीर केला तर पाय असाच राहील."

"मग कर की."

"मी नाही. गोगलगाय करेल. मी जवळ असेन."

मी उखडलेच. "म्हणजे दिव्याखाली अंधार! जगाच्या पाठी सरळ करतेस आणि सख्ख्या बहिणीला शिकाऊ डॉक्टर?"

"शिकाऊ नाही आता तो. कितीतरी ऑपरेशनं केलीत त्याने माझ्यासमोर. आणि घरच्या माणसावर आपण करायचं नसतं, ताई."

एरवी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी ही बाई माझ्या मशीनवरचे धागे वेचत हे बोलत होती. मी हो म्हटलं, पण रागातच.

यात पूर्ण भूल देत नाहीत, फक्त पाठ बधिर करतात. नसेला धक्का लागलाच तर पेशंटने तोंडाने सांगावं, हा त्यातला हिशेब. मी पालथी पडले. धाकटी माझ्या डोक्याशी स्टुलावर बसली, हातमोजे न घालता. मोज्यांचं बंद पाकीट जवळ ठेवलेलं होतं. "घातले की हात शिवशिवतात," ती कुजबुजली आणि चादरीखाली तिने माझा हात धरला.

काम सुरू झालं तशी तिची बोटं माझ्या तळव्यात हलायला लागली. किंचित उजवीकडे, जरा वर, आता हळू. मला पडदा दिसत नव्हता, पण आत काय चाललंय ते तिच्या बोटांवरून कळत होतं. मग गोगलगाईचा आवाज आला.

"मॅडम, रक्त आलंय. दिसत नाही. थांबतो."

तिची मूठ आवळली. स्टूल करकरलं. ती उठली होती. झालं, आता ही हिसकावून घेणार! मी हिला जन्मापासून ओळखते.

"मॅडम, तुम्ही घेता का?"

माझा जीव टांगणीला लागला होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "पाणी वाढव. दिसेपर्यंत थांब. आपल्याला घाई नाही." आवाज शांत होता, पण तिची नखं माझ्या तळव्यात रुतली होती.

"बस गं खाली," मी उशीतूनच म्हटलं.

ती बसली. आम्ही तिघंही थांबलो. नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"दिसतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने पायातली कळ गेली. इतके महिने मुक्कामाला आलेली ती बया, निरोपसुद्धा न घेता गेली.

"मावशी, अंगठा उचला बघू."

मी उचलला. पुरता नाही, पण उचलला. गोगलगाईने एवढा मोठा श्वास सोडला, की त्याचाही जीव भांड्यात पडलेला मला ऐकू आला.

संध्याकाळी धाकटी माझ्या खाटेपाशी येऊन बसली. मी चिडवलं, "काय गं, आज हिसकावून नाही घेतलंस ते?"

ती हसली नाही. माझ्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली.

"घरच्यांवर करायचं नसतं असं मी तुला सांगितलं ना, ताई. नियम आहे तो, पण मला नियमाची भीती नव्हती."

"मग?"

"दिसत नव्हतं तेव्हा तो थांबला. मी असते तर थांबले नसते. ताईला दुखतंय, लवकर सोडवू या, म्हणून तशीच पुढे गेले असते. बाकी कुणासाठीही थांबते गं मी. तुझ्यासाठी मला थांबता आलं नसतं."

एवढं बोलल्यावर तिचा धीर सुटला. आई गेली तेव्हा सगळ्यांना सावरत बसलेली ही मुलगी माझ्या उशीत तोंड खुपसून रडली, आणि मी तिला पोटभर रडू दिलं.