आपोआप हलणारा बाण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाही नीट कळत नाही.

वडील घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि मी वडीगोद्रीला घरी येऊन राहिलो. नोकरी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत. साहेब म्हणाले, घरूनच ऑफिसचा कॉम्प्युटर चालवा की. चालवा की! म्हणायला काय जातं?

त्या कॉम्प्युटरवर मंदाताई बसायच्या. पन्नाशीच्या, नवऱ्यामागं नोकरीला लागलेल्या. माउस धरायला त्यांना मीच शिकवलं होतं. मी फोन करायचो, त्या स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवायच्या, मी तो इकडे टाकायचो आणि त्यांनी तिकडे परवानगीचं बटण दाबलं की त्यांचा कॉम्प्युटर माझ्या हातात. "भाऊ, आलात का आत? बाण आपोआप हालून राह्यला," म्हणायच्या. त्यांना भारी गंमत वाटायची.

मला कसली गंमत? नंबर वाचून होईस्तोवर नेट जायचं. नेट आलं की आमची लाइट जायची. लाइट आली की तिकडचा कॉम्प्युटर झोपलेला — पुन्हा फोन, पुन्हा नंबर. खालून वडील हाका मारतायत आणि मी गच्चीवर रेंज शोधतोय. रोज हेच. डोकं नुसतं तापलेलं असायचं.

त्या दुपारी मला एकच जुनं फोल्डर काढून टाकायचं होतं. स्क्रीन थिजली. मी बटण दाबलं — काही नाही. पुन्हा दाबलं. मग रागाच्या भरात दाबतच सुटलो, कायमचं पुसू का, या प्रश्नाला न बघता होय, होय म्हणत. स्क्रीन हलली तेव्हा बियाण्याच्या चाचणी प्लॉटचे मी काढलेले सगळे फोटो, सगळ्या हंगामांच्या नोंदी — गायब. दुसरीकडे कॉपी? ती ठेवायचं काम माझंच होतं. ठेवली नव्हती.

तेवढ्यात नेट गेलं. खरंच गेलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "तुम्ही होता का त्यावर?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब, माझं कनेक्शन तुटलं होतं."

खोटं होतं का हे? तुटलं तर होतंच — नंतर. एवढाच शब्द मी गिळला. मग कॉम्प्युटरपाशी कोण होतं? मंदाताई. त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि दुसऱ्या दिवशी गोदामात पाठवलं, पोती मोजायला.

पण इथवर आलो तरी खरी गोष्ट सांगितलीच नाही मी. ती ही — त्या रात्री मंदाताईंचा मला फोन आला. रडत होत्या. "भाऊ, बाण हालत व्हता तवा मी टेबल पुसत व्हते. माझाच हात लागला असंल. तुमची एवढी मेहनत माझ्यामुळं गेली. माफ करा."

तेव्हा तरी बोलायचं ना? बाई, तुमचा हात नाही, माझा — चार शब्द! मी काय म्हणालो? "जाऊ द्या ताई. होतं असं. पुढं जपून राहा."

मी त्यांना माफ केलं.

गेल्या वर्षी वाटूर फाट्यावर त्या दिसल्या. नोकरी कधीच सोडलेली. लेकीला फोन लावायचा होता, तर मोबाइल माझ्यापुढं धरला. "तुम्हीच लावा भाऊ. माझा हात लागला की बिघडतंय बघा सगळं." आणि हसल्या.

मी नंबर लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. बोलून झाल्यावर त्यांनी वडिलांची तब्येत विचारली. बरी आहे, म्हणालो. मग त्यांची एसटी आली. पिशवी मी वर चढवून दिली. बोलायला वेळ होता. भरपूर होता.