नाव बदललं, गाव ठेवलं

माईक माझ्या हातात होता. संस्थेच्या मॅडमनी तो काढून घेतला.

ओढला नाही. लहान पोराच्या हातातली कात्री काढून घेतात तसा, हसत हसत, बोटं सोडवून काढला. आणि समोरच्या लोकांना म्हणाल्या, "अवर फील्ड गर्ल. व्हेरी इमोशनल." हॉल हसला. कुचकट नाही, कौतुकानं हसला. त्याचाच मला जास्त राग येतो. पुढच्या रांगेतल्या एका सरांनी तर टाळी वाजवली.

मी खाली येऊन बसले. नवा ड्रेस होता अंगात, आईनं डांगे चौकातनं हौसेनं आणलेला. गळ्यात संशोधन संस्थेचं कार्ड. पडद्यावर ती स्लाईड तशीच होती. "सुनीता (नाव बदलले आहे). मूळ गाव : उदगीर." आणि खाली इंग्रजीत, तिनं माझ्यापाशी रडत सांगितलेलं सगळं.

मी माईकवर काय म्हणाले होते? एवढंच म्हणाले होते, "मॅडम, ती स्लाईड काढा. त्या बाईला ओळखणारी माणसं इथं बसलीत."

खरंच बसली होती. तिच्या कंपनीचे एचआरचे साहेब हॉलमध्ये होते. संस्थेनंच बोलावलेलं. आशियातल्या औद्योगिक पट्ट्यांवरचं संशोधन, त्यावरनं सरकारनं धोरण करायचं, म्हणून चर्चा होती. मग उद्योगवाले पाहिजेत, सरकारी माणसं पाहिजेत, प्राध्यापक तर पाहिजेतच. जिची गोष्ट ती तेवढी नको.

चहाला एक बाई माझ्याजवळ आल्या. "किती ऑथेंटिक बोलतेस गं तू!" म्हणाल्या. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. कसं बोलले तेवढं ऐकलं होतं.

आता नीट सांगते.

मी चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या मागच्या अंगाला वाढले. तिथं एका गाववाल्यानं आपल्या रानात पत्र्याच्या खोल्या काढल्यात, समोरासमोर दोन रांगा, मधे नळ. भाडेकरू सगळे बाहेरचे. कुणी लातूरकडचं, कुणी परभणीकडचं, कुणी बुलढाण्याचं. बाया कंपनीत कंत्राटावर जातात, गाड्यांचे पार्ट पॅक करायला. काही महिने झाले की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे काढतात. मर्जी असली तर नव्या गेटपासवर परत घेतात. आणि मर्जी कशानंही जाते. उलट बोललं तर जाते, आजारी पडलं तर जाते, पोट दिसलं तर नक्की जाते.

आमच्या रांगेत बाईला नावानं कुणी हाक मारत नाही. गावानं मारतात. जिंतूरवाली, मेहकरवाली, उदगीरवाली. माझी आई औशाची. मी शाळेत फॉर्म भरायला लागले तेव्हा शेजारणींची खरी नावं मला ठाऊक नव्हती, आणि त्यांचं काही अडत पण नव्हतं. कंपनीतही तेच. लाईनवर सुनीता ढिगानं असतात, मग सुपरवायझर ओरडतो, "ए उदगीर, इकडं ये!" गेटवरचा वॉचमन, कॅन्टीनवाला, एचआरचे साहेब, सगळे गावानंच ओळखतात. आमच्याकडं गाव हेच बाईचं नाव.

मी शिकले. चिंचवडला कॉलेजला जाऊन समाजशास्त्रात एम.ए. केलं. आमच्या रांगेतली पहिलीच. मग संस्थेत फील्डचं काम मिळालं. आईनं माझं कार्ड सगळ्या खोल्यांत फिरवून दाखवलं. काय सांगू, तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि मलाही. कंपनीत बाया कशा राबतात, बाळंतपणाचं काय होतं, त्यासाठी कायदा कसा असावा, याच्यावर मॅडमचं काम होतं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. मनापासून तळमळीनं बोलायच्या. मला वाटायचं, चला, आपल्या बायांचं कुणीतरी बघणारं आहे.

पण आमच्या खोल्यांत त्या आल्या की बाया गप्प. "चांगलंय सगळं, काही तरास न्हाई." चहा प्या, पोहे खा, झालं. मग मॅडम म्हणाल्या, "तू एकटी जात जा. तुझ्याशी बोलतील." आणि बोलल्या. भाकरी थापताना बोलल्या, नळावर धुणं धुताना बोलल्या. संस्थेत कुणी रेकॉर्डर दिला नव्हता, माझ्याच फोनवर मी रेकॉर्ड करायची, विचारून. मग ऐकून, टाईप करून मॅडमना द्यायची.

उदगीरवाली सगळ्यात शेवटी बोलली. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. माझ्या आईला मावशी म्हणायची. तिनं काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. आता सगळ्या रांगेला माहीत झालंय तेवढंच सांगते. तिला दिवस गेले होते, ब्रेकच्या भीतीनं तिनं ते लपवलं, ओढणीनं पोट आवळून लाईनवर उभी राहिली, आणि जे व्हायचं ते कंपनीच्या बाथरूममध्ये झालं. दुसऱ्या दिवशी ती कामावर. घरात सासूला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. बाकी जे काही बोलली ते तिचं आहे. आणि उदगीर हे तिचं गाव नाही. ते मी बदललंय. शोधत बसू नका.

मॅडमनी लेखाचा कच्चा मसुदा दाखवला तेव्हाच मी म्हणाले होते. "मॅडम, नाव बदललंय, पण गाव ठेवलंय. आमच्यात उलटं करायला पाहिजे. नाव तेच राहू द्या, गाव बदला. त्या लाईनवर त्या गावची ती एकटीच आहे."

मॅडम लॅपटॉपमधनं मान वर न करता म्हणाल्या, "मूळ गाव हा आपला मुख्य मुद्दा आहे. कुठून स्थलांतर होतं त्यावरच तर तुलना उभी आहे. व्हिएतनामच्या टीमनं पण तसंच दिलंय."

"पण मॅडम, तिचं काम जाईल."

"तू फील्ड बघ. मेथडॉलॉजी आम्ही बघतो."

मी गप्प बसले. मोठी माणसं, मोठा अभ्यास, देशोदेशी फिरलेली. मला वाटलं, काहीतरी विचार केला असेल. डोंबलाचा विचार! आपण शिकलो म्हणजे त्यांच्यातले झालो, असं मला वाटत होतं.

हॉलमधलं झालं, त्याच आठवड्यात तिचा गेटपास बंद झाला. ठेकेदाराचा माणूस गेटवर म्हणाला, "लई मुलाखती देती म्हणं तू. आता घरी बसूनच दे." ब्रेकला अजून अवकाश होता. आणि बोलणं काय गेटवरच राहतं व्हय? त्याच कंपनीत तिचा दीर हेल्पर. संध्याकाळपर्यंत बातमी खोलीत पोचली. भिंती पत्र्याच्या. सासूचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. नवऱ्याचा नाही ऐकू आला. तो बोललाच नाही, आणि अजून तिच्याशी बोलत नाही म्हणतात.

मी गेले तिच्याकडं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "वहिनी, मी त्यांना सांगितलं होतं गं, खरंच सांगितलं होतं."

ती मान खाली घालूनच बोलली. "मी तुला सांगितलं होतं. तुला. साऱ्या जगाला न्हाई."

मला रडू फुटलं. तिला नाही फुटलं. तिनं तांदळाचं ताट उचललं आणि आत गेली. मी कितीतरी वेळ तशीच बाहेर उभी होते, आणि समोरच्या रांगेतल्या बाया माझ्याकडं बघत होत्या. कालपर्यंत ज्या मला "आमची प्रोफेसरीन" म्हणायच्या, त्या. त्या दिवशी कुणी चहाला ये म्हणालं नाही.

मी संस्थेत गेले. मॅडमना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचे डोळे भरले. खोटं कशाला बोलू, खरंच भरले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे फार महत्त्वाचं आहे गं. बोलल्यावर काय होतं, याचा हा थेट पुरावा आहे. आपण तिचा फॉलोअप इंटरव्ह्यू करायलाच हवा. लगेच. जखम ताजी आहे तोवर. मी येते तुझ्याबरोबर."

मला आधी कळेचना त्या काय म्हणतायत. मग कळलं. बाईचं काम गेलं, घर मोडायला आलं, नवरा तोंड फिरवून बसला, आणि हिला त्याच्यात पुढचं प्रकरण दिसतंय! सुतकातल्या घरी जाऊन जेवणाची पंगत कधी म्हणून विचारावं, तसं ते.

"मी नाही नेणार," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तिच्याकडं मी तुम्हाला नेणार नाही. दुसऱ्या कुणाकडंही नाही."

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. आवाज एकदम मऊ. "हे बघ, तू हुशार आहेस. पुढच्या लेखात तुझं नाव सहलेखक म्हणून घालू. हनोईची परिषद आहे, तुला नेऊ. भावनेच्या भरात करिअरचं नुकसान करू नकोस. तुझ्यासारख्या मुलींना अशा संधी रोज नाही मिळत."

तुझ्यासारख्या मुली. म्हणजे कशा, ते त्यांना विचारायचं राहिलंच. माझं नाव छापून येणार होतं. मोठ्या अक्षरात, खरं नाव. मोह झाला का? झाला. कुणाला होणार नाही? आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पण तांदळाचं ताट उचलून आत गेलेली ती पण आली. मी गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. कार्डाच्या दोरीत केस अडकले होते, ते तुटले. बस्स, तेवढंच दुखलं.

आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या गुरुवारी मी एकेका खोलीत गेले. म्हणाले, "तुम्ही बोललात ते माझ्या फोनमध्ये आहे. आधी ऐका. मग सांगा, ठेवू का पुसू." बाया आधी लाजल्या, मग हसल्या. "अगं बया, माझा आवाज असा हाय व्हय?" मेहकरवाली ऐकता ऐकता गंभीर झाली. पुस म्हणाली, मी पुसलं. बऱ्याच जणी पुस म्हणाल्या. कुणी माझ्याकडं रोखून बघितलं, कुणी नुसता हात हलवला.

जिंतूरवालीनं सगळं शेवटापर्यंत ऐकलं. चाळिशीतली बाई, जीभ तिखट, सुपरवायझर पण वचकून असतो. ती म्हणाली, "ठेव. पण माझं नाव घाल. खरं नाव, गावासकट. मी काय चोरी केली का?" मग म्हणाली, "आन् काय लिवतीस ते मला वाचून दाखवायचं. मला वाचता येत न्हाई म्हणून काय बी लिवशील तर बघ."

उदगीरवालीच्या खोलीसमोर मी उभी राहिले. ती बाहेर आली नाही. आतनंच म्हणाली, "पुसून टाक." मी तिथंच उभं राहून पुसलं. फोन आत धरला, तिला दिसावं म्हणून. तिनं बघितलं आणि दार लावून घेतलं.

दोन-चार दिवसांनी संस्थेतनं फोन आला. मॅडम नाही, ऑफिसमधले कुणी साहेब. "तुमच्याकडच्या सगळ्या रेकॉर्डिंग जमा करा. तो संस्थेचा डेटा आहे."

"पुसल्या," मी म्हणाले.

"पुसल्या? कुणाच्या परवानगीनं?"

"ज्यांच्या होत्या त्यांच्या." जिंतूरवालीचं तेवढं ठेवलं होतं, ते नाही सांगितलं.

पलीकडनं मग नोटीस, कायदेशीर कारवाई, पुन्हा कुठं काम मिळणार नाही, असं बरंच काही. मी म्हणाले, "पाठवा नोटीस. गुरुवारी पाठवा, सगळ्या घरी असतात. नळावर उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवते."

आता मला काम नाही. आई माझ्याशी धड बोलत नाही, तिचं पण बरोबर आहे. उदगीरवाली दुसरीकडं काम शोधतीय, पण या पट्ट्यात ठेकेदार एकमेकांचे पाव्हणे, सगळे फोनवर. माझ्याकडं बघून ती अजून मान फिरवते. ती फिरवणारच. मी तिच्याकडं माफी मागायला परत गेले नाही. माफी दिली की हलकं मीच होणार, तिच्या हाताला काम थोडंच लागणार.

पण लिहायचं मी सोडणार नाही. मॅडमना वाटत असेल, रुसली, चार दिवसांनी येईल. नाही येणार. पुढच्या गुरुवारी मी जिंतूरवालीच्या उंबऱ्यावर बसणार आहे. ती बोलेल, मी लिहीन, आणि लिहिलेली ओळ न् ओळ आधी तिला ऐकवीन. ती नको म्हणाली की खोडीन, तिच्यासमोर. ती हो म्हणाली तरच ते उंबऱ्याबाहेर जाईल. हॉलमध्ये जाईल, सरकारात जाईल, हनोईला जाईल. पण ज्याला ते ऐकायचंय त्यानं आधी तिला बोलवायचं. पुढच्या रांगेत खुर्ची द्यायची. आणि ती बोलत असताना मधे कुणी उठलं, तर त्याला खाली बसवायला मी तिथं असेन.