निळा ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा

आज कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हाताला डिझेल लागलं आणि त्या वासानं मी थेट गोरेगावच्या, आमच्या खेड्यातल्या घराच्या अंगणात पोचले.

मी तेव्हा आठवीत होते. बाबांनी कुठून तरी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आणला होता. हळदीच्या दोन ओळींमधून जावा म्हणून त्यांनी त्याची चाकं आत घेतली आणि आम्ही दोघांनी त्याला निळा रंग दिला. पण तो सुरूच होईना. दुपारी तर भंगारवाला त्याला न्यायला येणार होता.

"काहून चालू होऊन न्हाई राहिला? पुस्तकात बघ बरं," ट्रॅक्टरसोबत आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक माझ्यापुढे करत बाबा म्हणाले.

घरात इंग्रजी शिकणारी मी एकटीच. खरं तर मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. गावातल्या मिस्त्रीला एकदा डिझेलच्या पाइपाचा नट ढिला करून हवा काढताना पाहिलं होतं, तेवढ्या भरवशावर पुस्तक समोर धरून मी म्हणाले, "पाइपात हवा अडकलीय. नट ढिला करून काढायची."

बाबांनी लगेच पाना लावला. आधी बुडबुडे आले, मग डिझेलची स्वच्छ धार. नट आवळून त्यांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर धडधडला! मी अंगणभर नाचले. बाबा रस्त्यावर जाऊन ओरडले, "माझ्या लेकरानं पुस्तक वाचून चालू केला!"

ती थाप इतकी वर्षं मनात होती. आज धीर करून फोनवर सांगितली. बाबा हसले.

"म्हाईत हाय. तू धरलेल्या पानावर ट्रॅक्टरच्या दिव्याचं चित्र होतं."

"मग नट काहून ढिला केला?"

"तू म्हणलीस म्हणून."