वर्दीवरचं घोंगडं

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळची गगनबावडा गाडी धरली तेव्हा माझ्या मांडीवर दोन घोंगडी होती आणि शेजारी हलिमाबी. आम्हा बायकांचं मंडळ गरीब पोलीस चौक्यांना मदत करतं. कुठे कंदील, कुठे बाकडं, कुठे पाण्याचा माठ. मी अध्यक्ष. चौथी शिकलेय, पण सरकारी माणसाशी भांडायला तेवढं पुरतं.

घाटनाक्यावरच्या हवालदाराला रेनकोट मिळाला नव्हता. तो शेतकऱ्यासारखं इरलं (बांबू आणि पानांचं, पाठीवर घ्यायचं छप्पर) घालून उभा राहायचा. वर्दीवर इरलं घातलं म्हणून साहेबांनी एकदा ताकीद दिली होती. पुन्हा दिसला तर निलंबन. आणि साहेब आजच तपासणीला येणार होते. म्हणून आम्ही धनगराकडून पांढरी घोंगडी घेतली आणि वर्दीला शोभावीत म्हणून खाकी रंगवली. हलिमाबीचं घर रंगाऱ्याचं. ती म्हणाली होती, "आक्का, लोकर हाय ही. रंग मुरवाय दोन दिस पायजेत." मी एका दिवसात उरकायला लावलं.

कळ्याला गाडी थांबली. भजी गार होती, चहा गरम होता, दोन्ही एकत्र घेतल्यावर बरं लागलं. साळवणच्या पुढे पाऊस गाडीच्या आतही पडायला लागला. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पाय वर घ्या." छताचा त्याच्याकडे काही उपाय नव्हता.

नाक्यावर हवालदार भिंतीला चिकटून कुडकुडत होता.

"इरलं कुठं हाय?" मी विचारलं.

"आत लपीवलंय. आज घालायची छाती न्हाय, आक्का."

आम्ही त्याला घोंगड्याची खोळ (डोक्यावरून घ्यायची घडी) घालून दिली. पंधरा मिनिटांत रंग उतरायला लागला. घोंगडं पांढरं झालं आणि हवालदार बिरोबाचा भंडारा खेळून आल्यासारखा पिवळा.

"दोन दिस म्हणलं व्हतं की," हलिमाबी म्हणाली. मी डोंगर बघत बसले.

तेवढ्यात साहेब चालत आले, मागे ड्रायव्हर. जीप खालच्या वळणावर चिखलात रुतली होती. साहेबांच्या अंगावर रेनकोट होता, पण बावड्याचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. कॉलरीतून शिरलेलं पाणी बुटातून बाहेर येत होतं.

"हे काय?" साहेबांनी हवालदाराकडे बघून विचारलं. त्यांचे दात वाजत होते.

मीच म्हटलं, "घोंगडं. ऊब देतं. घ्या."

साहेबांनी आभाळाकडे बघितलं आणि घेतलं. दुसरं, हवालदाराच्या अंगावरचं, ड्रायव्हरने न विचारता घेतलं. कोरा चहा झाला, तपासणी घोंगड्यातच झाली. मग जीप ढकलायची वेळ आली तेव्हा हवालदाराने आतून इरलं काढलं आणि उघड पाठीवर घेतलं. साहेब जीपमध्ये घोंगड्यात बसलेले, हवालदार मागे इरल्यात. साहेबांनी बघितलं. म्हणाले, "ढकला."

निलंबन झालं नाही. ताकीदही नाही.

परतल्यावर मंडळात विचारलं गेलं, घोंगडी उपयोगी पडली का? मी सांगितलं, पोलिसांना दिली होती, पोलिसांनीच नेली. हवालदार त्याच्या जुन्या इरल्यात कोरडा आहे. त्याची नोकरी वाचली ती साहेबांना थंडी वाजली म्हणून. आता पुढच्या चौकीला काय द्यायचं, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, द्यायचं नंतर बघू. आधी तिथं साहेबांना भर पावसात बोलवा.