आमेन होईपर्यंत

कोल्हारच्या आमच्या ख्रिस्ती आळीत प्रार्थनेशिवाय काही सुरू होत नाही. परीक्षा असो, एसटीचा प्रवास असो, नाहीतर बोअरमध्ये मोटार सोडायची असो, आधी डोळे मिटायचे आणि आमेन होईपर्यंत उघडायचे नाहीत. छबूआत्या यात सगळ्यांच्या पुढे. आजारी माणसं, परगावची नातवंडं, परीक्षेला बसलेली पोरं, सगळ्यांची नावं घेतल्याशिवाय ती थांबत नसे. तिच्या चुलीवरचं दूध उतू गेलेलं आम्ही पाहिलंय, तिची प्रार्थना अर्धी राहिलेली मात्र कधी पाहिली नाही.

एस्तेर साळवे तिची भाची. आई लवकर गेली, तेव्हापासून पोर आत्याकडेच वाढली. शहाण्णव साली ती एकोणीस वर्षांची होती. दुपारी शिवणाच्या क्लासला जायची आणि पहाटे पाटाच्या कडेने धावायची. पुण्याच्या राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून वीस वर्षांखालच्या चार मुली जाणार होत्या. पुढच्या वर्षी एस्तेरचं वय निघून जाणार, म्हणजे जे काही करायचं ते याच वर्षी. डिसेंबरातल्या शर्यतीत पहिल्या तिघी निवडल्या जाणार होत्या, आणि ती शर्यत बाभळेश्वरहून निघून आमच्याच कोल्हारातून जाऊन प्रवरेच्या पुलापलीकडे संपणार होती. आमचे फक्त फेटे बांधायचे बाकी होते.

शर्यतीच्या दिवशी एसटी स्टँडजवळ एस्तेर दिसली तेव्हा दुसरी होती. आळीने एकच गलका केला. तेवढ्यात छबूआत्या दोन्ही हात पसरून रस्त्यात उतरली.

"थांब गं एस्तू, दोन शब्द बोलते परभूशी."

एस्तेर थांबली. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने डोळे मिटले आणि काय सांगू, आम्हीही सगळ्यांनी मिटले. सवयच ती! प्रार्थना एस्तेरच्या पायांपासून निघाली, बेंजामिनकाकांच्या मोतीबिंदूवरून गेली आणि मुंबईच्या नातवाच्या नोकरीपर्यंत पोहोचली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर आणखी दोन मुली पुढे निघून गेल्या होत्या. एस्तेर चौथी आली.

तिला धावायला शिकवणारे आप्पासाहेब सर कपाळाला हात लावून बसले. "अगं, देव काय पुलापलीकडं नव्हता?" आत्याला एवढंच बोलले ते. मला तर आत्याचा इतका राग आला होता की दोन दिवस तिच्या दारावरून गेलो नाही. आत्याने मात्र अन्नच सोडलं. एस्तेरही पाटाकडे फिरकली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटी तीच उठली. भाकरीचं ताट आत्यापुढे ठेवून म्हणाली, "जेव बरं आता. तू थांबवलंस हे खरं, पर मला थांबायचंच हुतं. आपलं गाव दिसलं आन मी उधळले. पोटात कळ उठली. डोळे उघडता आलं असतं की मला, पर न्हाई उघडले. तेवढंच टेकायला मिळालं म्हणून बरंच वाटलं."

हेच तिने सरांनाही सांगितलं. सरांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "मग औषध सापडलं," ते म्हणाले. चौथी जागा अजून रिकामी होती. सव्वीस जानेवारीला नगरला सावेडीत शर्यत होती, तिथे पहिली येईल तिला ती मिळणार होती.

तेव्हापासून सर तिला ऐन गर्दीच्या वेळी गावातूनच पळवायला लागले. कोणी हाक मारली तरी वेग वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही. आमच्या लोकांना तर काय, आयतीच करमणूक! "एस्तू, चहा घेऊन जा!" "एस्तू, पाव्हणे आलेत बघायला!" पहिले काही दिवस ती हसून चुकायची. मग हसणं राहिलं, चुकणं गेलं.

शर्यतीला आत्या येईना. "मी आले की खोळंबाच करीन."

"तू न्हाई आलीस तर मी तुलाच हुडकत पळंन," एस्तेर म्हणाली. "ये, पर कडंला उभी राहा."

सावेडीच्या बंगल्यांसमोर, लावून ठेवलेल्या स्कूटरींमध्ये आत्या पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली. शेवटच्या वळणावर काष्टी गावची एक मुलगी पुढे होती आणि तिच्या पाठोपाठ एस्तेर. आम्ही आत्याकडेच बघत होतो. एस्तेर समोर आली तशी आत्याने पदर काढला आणि जोरात ओरडली, "आमेन!"

एस्तेरने मान वळवली नाही. वळण संपल्यावरच तिने वेग वाढवला आणि हातभर अंतराने ती पहिली आली. मी नाचतच आत्याकडे गेलो.

"आत्या, आज एवढंच?"

"पहाटंपासून बाकीची समदी प्रार्थना करून झालती," डोळे पुसत ती म्हणाली. "आमेन तेवढं तिच्यासाठी ठेवलं हुतं."