राजाच्या डोक्यावरचं वांगं

रहिमतपूरचे नाना आर्मोरर बंदुकीचा जुना दस्ता हातात आला की आधी त्याचा वास घ्यायचे. मग डोळे मिटून लाकडावर अंगठा फिरवायचे. आणणारा आपल्या आजोबांचा पराक्रम सांगू लागला की म्हणायचे, "तुमी गप ऱ्हावा. मी लाकडाला इचारतोय."

फौजेत त्यांचा सगळा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला. बंदूक पास झाली की तपासनीस तिच्या लाकडी दस्त्यावर ठसा मारत असे. तो ठसा खरा की मागाहून कोरलेला, हे नाना सांगायचे. कडेगावजवळच्या आमच्या गावाने सैनिकांच्या आठवणींची खोली उघडली, तेव्हा काचेच्या कपाटात काय जाणार हे ठरवायला त्यांनाच बोलावलं. पहिल्याच माणसाला ते म्हणाले, "गड्या, ह्यो पलंगाचा पाय हाय. आज्जा ह्याच्यावर झोपला आसंल, लढला न्हाई."

पुढचा नंबर आमचा. 

सासऱ्यांनी फौजेतून मोडीत निघालेल्या रायफलीचा नुसता दस्ता आणला होता, लोखंड सरकारजमा. त्यावर मुकुटाचा ठसा. दर खंडेनवमीला पूजा झाली की सासरे त्या मुकुटावरून बोट फिरवायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी, वयाने वीस आणि अकलेने बारा, घर उजळायला निघाले. तांब्याची भांडी चिंचेने घासली आणि दस्ता पॉलिश पेपरने. लाकूड नवंकोरं दिसू लागलं. मुकुट गेला.

सासरे रानातून यायच्या आत मी दिराच्या कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, आठवेल तसा मुकुट कोरला, वर तेल आणि काजळी चोपडली. आपण मोठ्या कारागीर, असंही वाटलं. सासऱ्यांची नजर अधू. त्यांनी बोट फिरवलं आणि दस्ता जागेवर ठेवला. ते गेल्यावर आमच्या ह्यांनी तो दस्ता देवासारखा जपला.

नानांनी वास घेतला, अंगठा फिरवला, भिंग लावलं. म्हणाले, "राजाच्या डोक्यावर वांगं कुणी ठिवलं?"

लोक हसले. हे म्हणाले, "नाना, माज्या बापाचा दस्ता हाय त्यो."

"आसंल. पर ठसा खोटा. ठशानं लाकूड दबतं. हितं नुसतं खरवाडलंय."

ह्यांनी दस्ता टॉवेलात गुंडाळायला घेतला.  साऱ्या गावासमोर मेलेला बाप खोटा ठरला होता, आणि खोटारडी शेजारीच पदर सावरत उभी.

"आवं नाना," मी म्हटलं, "वांगं माजं हाय. खरा ठसा म्या घासून काढला."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पलंगाचा पाय जवळ नव्हता हे बरं झालं. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी ओलं फडकं आणि तापलेली इस्त्री मागवली. फडकं दस्त्यावर ठेवून वाफ दिली. "वरचं घासलं तरी खालचं दबल्यालं ऱ्हातंय, वैनी. पाणी प्यालं की फुगून वर येतंय." माझ्या वांग्याखालून हळूहळू अर्धा मुकुट उठला. ह्यांनी त्यावरून बोट फिरवलं, अगदी सासऱ्यांसारखं.

"घ्या आत," नाना म्हणाले आणि कार्ड लिहायला बसले: 'दस्ता अस्सल. ठसा अस्सल, अर्धा. वरचं वांगं सूनबाईंचं.'

"नाना, वांगं तेवढं वगळा की."

"जे हाय त्ये लिवायचं."

नाना गेल्या साली गेले. कार्ड तिथंच आहे. परवा भावकीतल्या एका नव्या सुनेने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आज्जी, ही सूनबाई कोण वो?"

"व्हती एक," मी म्हटलं. "लय टापटिपीची."