घोडीजवळची शेळी

अक्षर वाकडं आहे, चुकाही पुष्कळ होतील, माफ करावं. वही कुणाला दाखवायची नाही, तरी चौथीत शाळा सुटून शेळ्यांमागे गेलेल्या बाईला माफी मागायची ही सवय जात नाही.

मुलगा आयर्लंडात, लिमरिकला डॉक्टर आहे, मी त्याच्याकडेच राहते. घरामागे घोड्यांचा तबेला. पलीकडच्या शेतकऱ्याचं लंगडं करडू खाटकाकडे निघालं होतं, ते मी साठ युरोला घेतलं. सून हसली. "आई, एवढ्या लांब येऊन शेळ्याच राखणार का?"

मुलगा-सून करडू अंगणात ठेवू देईनात. तबेलेवाल्याची एक घोडी फार बुजरी, दिवसभर भिंतीला लाथा घालायची. त्याने करडू तिच्याजवळ बांधलं आणि घोडी निवली. शेळी मोठी झाली तरी तिच्या पोटाखालीच बसायची. मी रोज बटाट्याची सालं घेऊन जायची. माझा पाय वाजला की आधी शेळी ओरडायची, मग घोडी.

पुढे तबेलेवाला सुनेकरवी म्हणाला, शेळी मला विक. मला नाही म्हणता येत नाही. त्याने वीस दिले, चाळीस नंतर देतो म्हणाला. आमच्याकडे पैसे पुरते फिटेपर्यंत जनावर विकणाऱ्याचंच असतं. म्हणून मी चाळीस कधी मागितले नाहीत. त्याचा हात खिशाकडे गेला की मी घरी निघायची.

मग घोडी विकली गेली. सून म्हणाली, "बकरीपण जाणार तिच्यासोबत. इथे तसंच करतात."

"माझे चाळीस यायचेत अजून."

"देईल हो तो. पळून चाललाय का?"

गाडी यायच्या सकाळी मी शेळी गुपचूप आणून आमच्या शेडमध्ये कोंडली. ओरडू नये म्हणून तोंडाला ओढणी बांधली. घोडी गाडीच्या फळीवर चढली, मागे वळून बघितलं, आणि उलटी फिरली ती खालीच कोसळली. पुढचा पाय मोडला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. गुरांच्या डॉक्टरने गोळी घातली, तेव्हा शेडच्या पत्र्यावर आतून शिंगं आपटली.

संध्याकाळी मुलगा एवढंच म्हणाला, "एका शेळीपायी घोडी घालवलीस, आई."

दुसऱ्या दिवशी तबेलेवाला दारात आला. तो बोलला, सुनेने मराठीत सांगितलं. "आता शेळीचा उपयोग नाही म्हणतोय. दुपारी खाटकाची गाडी येणार आहे."

मी आत जाऊन त्याचे वीस आणले. त्याने ते घेतले नाहीत. विसाच्या दोन नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि माझी बोटं स्वतःच मिटवली. मूठ उघडता आली असती. सून बघत होती, तो बघत होता, मला लाज वाटली.

विकलेल्या जनावराचं दावं आमच्यात देत नाहीत. मी ते सोडून घेतलं. शेळी सालांसाठी माझा पदर हुंगत होती. तो तिला कानाला धरून घेऊन गेला.

आधीचे वीस, हे चाळीस. माझे पैसे पूर्ण फिटले.